शिवलेलं धोतर की पटियाला? लग्न, पोळा आणि पंगत डोळ्यांसमोर ठेवून

कुर्त्याखाली चुडीदार नको, साधा पायजमा रोजचाच, काहीतरी घेरदार हवं, इथपर्यंत ठरलं की गावाकडच्या माणसासमोर खरे पर्याय दोनच उरतात. एक, दुकानात तयार मिळणारं शिवलेलं धोतर: कमरेला इलॅस्टिक, पुढे शिवून बसवलेल्या निऱ्या, मागे शिवलेला काष्टा. दुसरा, टेलरकडून शिवून घेतलेली पटियाला: वर सपाट पट्टा, त्याखाली चुण्यांचा घेर, घोट्याशी मोहरी, म्हणजे पायाच्या तोंडाची पट्टी. धोती पँट म्हणून तिसरा प्रकार टांगलेला दिसतो, पण त्याचं आसन, म्हणजे दोन पायांमधला भाग, पार गुडघ्यांपर्यंत लोंबतं आणि मोटरसायकलवर टांग टाकताना पहिलं तेच उसवतं. तो इथेच बाजूला ठेवू.

ज्याला धोतर नेसता येतं त्याने मात्र नेसावंच. विदर्भातल्या उमरेड-पवनीच्या मागांवर रेशीमकाठी धोतरं विणत आलेला हा मुलूख आहे, आणि नीट नेसलेल्या दहा हाती धोतराची शोभा शिवलेल्या कशालाही येत नाही. हा आढावा ज्यांचा हात त्यावर बसलेला नाही त्यांच्यासाठी.

दोन्ही प्रकार घालून-वापरून मी पटियालाकडे वळलो. त्याचं कारण एकच आहे, आणि दुकानातल्या आरशासमोर उभं राहून ते कळत नाही. ते पंगतीत कळतं.

तयार धोतराची साईज कमरेवर ठरते, उंचीवर नाही. ३६ कमरेचा माणूस पाच फूट चार इंचही असतो आणि सहा फूटही, पण दोघांच्या हाती येणाऱ्या निऱ्यांची लांबी एकच. उंच माणसाला ती नडगीवर थांबते, बुटक्याला जमिनीला टेकते. सरळ उभं असताना हे चालून जातं. मांडी घालून बसलं की निऱ्या पुढ्यात जमिनीवर पसरतात. उठताना आपण वजन पुढे घेतो, एक पाऊल रोवतो, ते नेमकं निऱ्यांवर पडतं आणि शरीर वर येताना इलॅस्टिक खाली ओढलं जातं. वाढप करणाऱ्याचे हाल याहून जास्त. एका हातात वरणाची बादली, दुसऱ्या हातात पळी, कंबरेतून वाकलेला, दोन रांगांमधली वाट हातभर. अशा वेळी निऱ्या समोरच्याच्या पत्रावळीवरून फिरतात. आपल्याकडे घरच्या लग्नात वाढप घरच्याच पोरांनी करायचं असतं, म्हणजे हा प्रसंग टळणारा नाही.

नेसलेल्या धोतरात यावर उपाय असतो: सोगा उचलून कमरेला खोचायचा. शिवलेल्या धोतरात निऱ्या नेफ्यात, म्हणजे कमरेच्या पट्टीत, पक्क्या शिवलेल्या असतात. वर उचलून खोचल्या तर पुढे फुगारा येतो आणि चार पावलांत त्या सुटतात.

लांबी कमी करून घ्यावी म्हटलं तर अडचण काठाची. काठ खालच्या कडेला असतो, खालून कापलं तर तोच जातो. वरून कमी करायचं तर नेफा, इलॅस्टिक, निऱ्या आणि काष्टा सगळं उसवून पुन्हा बसवायला लागतं. लग्नसराईत कुठलाही टेलर हे काम हाती घेत नाही. काठाच्या वर आतून दीड इंचाची दुमड घालणं हा मधला मार्ग आहे, पण निरीच्या प्रत्येक घडीत ती दुमड जाड होते आणि निऱ्या खाली पंख्यासारख्या फाकतात. उंची पाच फूट आठ-नऊ इंचांच्या आसपास असेल तर ही तक्रार बहुधा येणार नाही, एवढं मान्य करायला हवं.

शिवलेल्या धोतराची बाजूही कमजोर नाही. नवरदेवाला, पूजेला बसणाऱ्या यजमानाला, फेटा आणि शेला घेऊन फोटोत उभं राहणाऱ्याला धोतराची जी सरळ, खाली उतरणारी रेघ मिळते ती पटियालात नाही. काष्ट्यामुळे मांड्यांमध्ये हवा खेळते. एप्रिल-मेच्या ४४-४५ अंशांत हा गुण मोठा आहे. फक्त कापड सुती असावं. स्वस्त तयार धोतरं बहुतेक आर्ट सिल्कची, म्हणजे कृत्रिम रेशमाची, बहुधा पॉलिस्टरची असतात. कोरड्या हवेत ती पायांना चिकटतात, घाम शोषत नाहीत. आत अर्धी चड्डी लागतेच, कारण बाजूची फट बसताना उघडते.

आता पटियाला. नाव पंजाबातल्या शहराचं, पण शिवणारा आपल्या तालुक्याचा टेलर, आणि तो बहुतेक वेळा ती बायकांसाठी शिवत आलेला असतो. बिघाड तिथूनच सुरू होतो. बायकांच्या मापाने मोहरी सपाट सहा इंच, म्हणजे गोल बारा इंच धरली जाते. पुरुषाची टाच आणि पावलाचा वरचा उंचवटा धरून घेर साधारण १३ इंचांच्या पुढेच भरतो. पाय आत शिरत नाही. जोर लावला की मोहरीची शिवण जाते. म्हणून टेप टाचेभोवतून तिरका फिरवून माप द्यावं आणि त्यात एक इंच वाढवायला सांगावं. अगदी बारीक मोहरी हवीच असेल तर आतल्या बाजूने तीन इंचांची फट ठेवून टिचबटण लावून घ्यावं. मोहरीत बकरम, म्हणजे आतून लावायचं ताठ कापड, घालावं, पण एकच पदर आणि उंची दीड-दोन इंच. जाड झालं की मोहरी घोट्यावर बांगडीसारखी उभी राहते.

कापड ४४ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, असेल तर मध्यम बांध्याला साडेतीन मीटर, अंगाने भरलेल्याला चार. पन्हा ३६ असेल तर साडेचारच्या खाली येऊ नये. कमी कापडात शिवून देतो म्हणणारा टेलर चुण्याच कमी करणार आणि हाती येणार ढगळ पायजमा. वरचा पट्टा आठ इंच उंच ठेवावा आणि त्याचा घेर नितंबाच्या मापापेक्षा सहा इंच जास्त. पट्टा याहून घट्ट झाला तर मांडी घालताना मागची शिवण ताणते. पायाची लांबी सरळ मापापेक्षा दोन-तीन इंच जास्त धरायची, तेव्हाच घेर मोहरीवर ओघळतो.

चुण्यांची जागा टेलरला बोलून सांगावी लागते: समोर दाट, बाजूला विरळ, मागे जवळजवळ नाहीत. सगळीकडे सारख्या चुण्या दिल्या तर मोटरसायकलच्या सीटवर आपण त्यांच्या गठ्ठ्यावर बसतो आणि अर्ध्या तासात मागे चोळामोळा. आसनात चौकोनी तुकडा जोडून घ्यावा, टेलर त्याला मियानी म्हणतात, आणि तिथे दुहेरी शिलाई मारावी. टांग टाकताना सगळा ताण तिथेच येतो.

नेफ्यात नाडीच असावी. साडेतीन मीटर कापड ओलं झालं की चांगलंच जड होतं आणि नुसतं इलॅस्टिक ते पेलत नाही. नाडी सुती, चपटी. सॅटिनची नाडी दिसते छान, पण गाठ धरत नाही. खिसा घेरात नको, नाहीतर मोबाईल गुडघ्याशी आपटत राहतो. पिशवी पट्ट्याच्या शिवणीत घेऊन वरून नेफ्याला टाचून घ्यावी.

कापडाबाबत माझं मत ठाम नाही, अनुभव एवढाच की पॉपलीन फुगतं, मलमल आरपार दिसते, रेयॉन सुंदर ओघळतं पण पहिल्या धुण्यात आकसतं. रेयॉन घ्यायचं असेल तर कापायच्या आधी रात्रभर पाण्यात ठेवून वाळवावं. मऊ कॉटन-सिल्क सगळ्यात कमी त्रास देतं. भंडाऱ्याकडचा कोसा मोहात पाडतो, पण त्याचा ताठपणा पटियालाच्या चुण्यांना मानवत नाही. कोशाचा कुर्ता शिवावा, खाली कॉटन-सिल्क घ्यावं.

कुर्त्याची लांबी इथे जास्त महत्त्वाची. पटियालावर कुर्ता गुडघ्याच्या चार बोटं वरच थांबला पाहिजे, उंचीप्रमाणे ३५ ते ३७ इंच. त्याखाली गेला की घेर झाकला जातो आणि माणूस बुटका दिसतो. दोन्ही बाजूंचे काप किमान दहा इंच हवेत, नाहीतर चुण्या कुर्त्याला बाहेर ढकलतात. धोतरावर मात्र कुर्ता गुडघ्यापर्यंत चालतो. जॅकेट घालायचं तर कमरेवर संपणारं. घेरावर लांब शेरवानी दोन्हीकडचं ओझं वाढवते. पायात मोजडी पटियालाला शोभते, कारण मोहरी घोट्याशी संपते आणि जोडा पूर्ण दिसतो. धोतराखाली कोल्हापुरीच बरी.

रंगाचं पोळ्याच्या आधी ठरवावं. श्रावण अमावस्येला आखरावर, म्हणजे गावची गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, चिखल असतो, बैल पाय आपटतात, आणि आपली काळी माती पांढऱ्या कापडावर राखाडी डाग ठेवून जाते. ओला डाग चोळला तर तो कापडात उतरतो. पूर्ण वाळू द्यावा, ब्रशने झटकावा, मगच पाणी लावावं. धोतराच्या निऱ्यांची खालची कड चिखलातून जातेच. पटियालाची मोहरी दोन बोटं वर सरकवली की जागेवर राहते. मेंदी, मरून, गडद निळा हे रंग खाली घ्यावेत, वर पांढरा कुर्ता चालेल. हळदीच्या दिवशी उलट करावं: पिवळंच घालावं. पांढऱ्यावर हळद पडली आणि साबण लावला तर डाग लाल होतो. घाबरू नये, साबण धुवून काढला की तो पुन्हा पिवळा पडतो आणि दोन-तीन उन्हांत उडतो.

धुतल्यावर पटियालाच्या चुण्यांवर इस्त्री फिरवू नये. ओली असतानाच लांबीत घड्या घालून दोरीसारखा पीळ द्यावा, सैल गाठ मारून सावलीत ठेवावी, चुण्या आपोआप बसतात. खळ अजिबात नको. धोतराला उलट हलकी खळ हवी, म्हणजे निऱ्या सरळ पडतात, आणि प्रत्येक निरी वेगळी धरून इस्त्री करायची, त्यात अर्धा तास सहज जातो.

नवरदेव तुम्हीच असाल आणि उंची बेताची असेल, तर तयार धोतराच्या मागे न लागता साडेचार मीटर काठाचं कापड टेलरला देऊन आपल्या मापाने शिवून घेणं बरं. निऱ्या जमिनीपासून तीन बोटं वर. बाकी वऱ्हाडात, वाढपात, पोळ्यात असणाऱ्याला मी पटियालाच सुचवीन. लग्नाच्या किमान पंधरा दिवस आधी कापड टाकावं, आणि घ्यायला जाल तेव्हा पैसे देण्याआधी दुकानातच एकदा मांडी घालून बसावं, हात न टेकता उठावं आणि बाहेर उभ्या गाडीवर टांग टाकून पाहावी.