खौ-रौ: वाळवलेली मोहरीची भाजी की अळूचा कंद?

चीनमधल्या हाक्का समाजाच्या घरांत सणाच्या पंगतीला वाफवून ताटात उपडं केलेलं डुकराचं मांस, म्हणजे खौ-रौ, हमखास असतं. पोटाकडचं थरांचं ७०० ग्रॅम मांस अर्धा तास उकळा, कातडी टोचा, गडद सोया सॉस चोळा, पूर्ण कोरडी करून तळा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. कातडी ओली राहिली तर तेल अंगावर उडतं. पाण्यात बुडवायचं टाळलं तर कातडीवर हव्या तशा सुरकुत्या पडत नाहीत. इथवर मोहरीच्या भाजीचा आणि अळूच्या कंदाचा, दोन्ही प्रकार सारखेच.

मेई-त्साय म्हणजे मिठात मुरवून वाळवलेली मोहरीची पालेभाजी; चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या हुइझोऊची नावाजलेली. १५० ग्रॅम पुरे. पाल्यात वाळू दडलेली असते, म्हणून एकेक पान उलगडून चार-पाच पाण्यांत धुवा. मग कोरड्या कढईत परतून साखर घाला. जास्त वेळ भिजवली की चव पाण्याबरोबर जाते. ही भाजी चरबी शोषते, त्यामुळे खाणं जड वाटत नाही.

अळूचा मोठा, पिठूळ कंद घ्या; आपल्या बुळबुळीत अळकुड्या इथे चालत नाहीत. सेंटिमीटरभर जाडीचे काप आधी तळा, नाहीतर वाफेत त्यांचा लगदा होतो. सोलताना हात कोरडे ठेवा, खाज कमी सुटते. मसाला आंबवलेल्या लाल टोफूचा आणि चिनी पंचमसाल्याचा. कंद रस पितो, म्हणून रस थोडा जास्त घाला.

वाफ दोन्हींना दीड ते दोन तास. आदल्या दिवशी करून ठेवायचं असेल तर मेई-त्सायच निवडा: मुरून तिची चव चढते, कंद मात्र पुन्हा वाफवल्यावर फुटतो.