सुक्या नेटलच्या पाकिटात पानं किती, काड्या किती?

नेटल, म्हणजे अंगाला लागली की आग करणारी बिच्छू घास, काही महिने स्वयंपाकात आणि चहात नियमित वापरल्यावर हे लिहितो आहे. निमित्त सुक्या पानांच्या ताज्या पाकिटाचं: वर चुरडलेली पानं, खाली नुसत्या काड्या. विक्रेत्याचं उत्तर, "काडीही त्याच झाडाची आहे." खरं आहे, पण याच काड्यांच्या सालीतून कापडासाठी धागा काढतात. तो वाख कितीही उकळला तरी मऊ होत नाही. सूपमध्ये दातात अडकतो, मिक्सरच्या पात्याला गुंडाळतो. पानांच्या भावात वाख का घ्यायचा?

सुरुवातीला पूड सोयीची वाटत होती, पिठात मिसळली की झालं. आता पूड घेणं बंद. दळल्यावर काडी ओळखू येत नाही, आणि पानं फुलोऱ्याआधी खुडली की नंतर, तेही कळत नाही. फुलोऱ्यानंतर पानांत चुनखडीचे सूक्ष्म कण वाढतात, खाताना कचकच लागते. पुडीला खाकी छटा असेल तर माल जुना किंवा उन्हात वाळवलेला समजावा.

ताजी मिळाली तर सुकीकडे पाहूही नये. फुलोऱ्याआधीचे कोवळे शेंडे, वरची चार-सहा पानं, तेवढीच घ्यावीत. जाड रबरी हातमोजे आणि चिमटा हवाच. पानावरचे केस काचेसारखे ठिसूळ असतात. टोक मोडलं की हिस्टामिन आणि इतर दाहक द्रव्यं त्वचेत जातात. पानं नुसती कोमेजल्याने आग जातेच असं नाही. खळखळत्या पाण्यात 2 मिनिटं बुडवली की जाते. हे पाणी फेकू नका, सूपला तेच वापरा.

सूपचं प्रमाण: 200 ग्रॅम शेंडे, 2 मध्यम बटाटे, 1 कांदा, 1 लिटर पाणी. कांदा परतून बटाटे पूर्ण शिजवायचे, नेटल शेवटच्या 5 मिनिटांत. आधी घातली तर रंग मळकट होतो. लिंबानेही तसंच होतं, म्हणून ते वाढताना पिळावं. 200 ग्रॅमचा ढीग शिजून मूठभर उरतो, घाबरून मीठ जास्त घालू नका.

घरी वाळवायची तर सावलीत, पातळ थरात. पान बोटांत चुरचुर मोडलं पाहिजे. देठाशी ओल राहिली की डब्यात बुरशी येते. चहाला कपभर उकळतं पाणी, 2 ग्रॅम पानं, झाकून 10 मिनिटं. चव पालकाच्या पाण्यासारखी, गवताळ. मला आवडते.

पाकिटावर 'लोहाचा खजिना' छापतात. उकडलेल्या 100 ग्रॅम पानांत लोह जेमतेम 1.6 मिलिग्रॅम असतं. खरी श्रीमंती कॅल्शियमची, सुमारे 480 मिलिग्रॅम, आणि व्हिटॅमिन के ची. व्हिटॅमिन के रक्त गोठायला मदत करतं, म्हणूनच वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. पानांनी लघवीचं प्रमाण वाढतं, म्हणून लघवीच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तरी विचारावं, गरोदरपणात टाळावं. प्रोस्टेट वाढल्याने लघवीला होणाऱ्या त्रासावर युरोपात वापरतात ते नेटलचं मूळ, पान नव्हे. पानांच्या चहावर तो दावा छापलेला दिसला तर पाकीट तिथेच ठेवा.