पहिली मागणी कोणती : मजुरी वाढवा, काम द्या की पैसे खात्यावर टाका?

शेतमजुरांच्या संघटनेच्या निवेदनात पहिली मागणी कोणती लिहायची, यावरून आमच्या बैठकीत तीन तट पडले. एक गट म्हणतो, किमान वेतन वाढवून घ्या. दुसरा म्हणतो, हमीचं काम मागा. तिसऱ्याचं म्हणणं, लाडक्या बहिणीचा हप्ताच वाढवून घेऊ, मध्ये कुणी खाणारा नको. गावातली दरी कमी व्हावी हे तिघांनाही हवंय. तुमच्याकडेही हाच वाद चालू असेल, म्हणून तिन्ही वाटा शेजारी ठेवून बघितल्या.

आधी नुसता हिशेब. लाडकी बहीण महिना १५०० रुपये, म्हणजे वर्षाला १८,००० आणि दिवसाला ५०. रोजगार हमीचा महाराष्ट्राचा दर २०२५-२६ साली ३१२ रुपये होता. पूर्ण १०० दिवस मिळाले तर ३१,२००. आणि शेतातला रोज ५० रुपयांनी वाढला, वर्षाकाठी २०० दिवस काम लागलं, तर १०,००० जास्त. कागदावर मजुरीवाढ तिसरी येते. पण हप्ता महागाईबरोबर आपोआप वाढत नाही. राज्याच्या किमान वेतनातला विशेष भत्ता मात्र दर जानेवारी आणि जुलैला महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे बदलतो. वाढता आकडा हवा असेल तर तो इथेच आहे.

अडचण आकड्यात नाही, वहीत आहे. आमच्याकडे सोयाबीनच्या खुरपणीला जाणाऱ्या बायांच्या टोळीचा हिशेब म्होरकीच्या नातवाच्या शाळेच्या वहीत, मागच्या पानावर असतो. एक दिवस म्हणजे एक उभी रेघ, अर्धा दिवस म्हणजे आखूड रेघ. बाजाराच्या आदल्या दिवशी ती मालकाकडून एकरकमी पैसे आणते आणि ओट्यावर बसून वाटते. ना मस्टर, ना पावती. मुंबईत किमान वेतनाची अधिसूचना निघाली तरी त्या रेघेची किंमत ठरते ती त्या आठवड्यात माणूस मिळतंय की नाही यावर. सरकारी कामगार अधिकारी बांधावर आलेला मी तरी पाहिलेला नाही.

नगरपालिकेच्या कंत्राटी सफाई कामगाराचं तसं नाही. तिथे हजेरीपुस्तक असतं, निविदेत दर असतो, पीएफ कापला जातो. तिथे किमान वेतन वाढलं की फरक मागता येतो. ठेकेदार बँकेत पूर्ण पगार टाकून एटीएम कार्ड स्वतःकडेच ठेवतो, हे उद्योग चालतात. पण तिथे भांडायला कागद तरी असतो. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात दाव्याची मुदत सहा महिन्यांवरून तीन वर्षं झाली आहे, आणि मजुरी दिली हे सिद्ध करायचं ओझं मालकावर आहे. तुमचे सभासद अशा जागी असतील तर पुढचं वाचायची गरज नाही. किमान वेतनच मागा.

आता हमीचं काम. ही योजना मुळात महाराष्ट्राची. १९७२ च्या दुष्काळात ती उभी राहिली, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी ती लावून धरली, १९७७ साली कायदा झाला. पैसा आला शहरातून. नोकरदाराच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ साली त्यासाठीच बसवला गेला. शहर आणि खेडं यांच्यातल्या दरीवर इतका सरळ उपाय मला दुसरा आठवत नाही. पगाराची स्लिप बघून कुरकुरणाऱ्या भाच्याला हे मी दर वर्षी सांगतो, तो दर वर्षी विसरतो.

हमीचा खरा फायदा शेतात दिसतो. गावात पाझर तलावाचं काम चालू असेल तर बाई शेतकऱ्याला म्हणू शकते, एवढ्यावर नाही जमत. तसं बघितलं तर केरळातही हेच झालंय, फक्त वेगळ्या वाटेनं. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांत २०२२-२३ साली तिथला शेतमजुरीचा रोज सरासरी ७६४ रुपये होता आणि देशाचा ३४५. त्यामागे अधिसूचना कमी आणि जुन्या संघटना, आखातात गेलेली माणसं जास्त.

पण १९८८ विसरू नका. त्या वर्षी राज्यानं किमान मजुरी जवळपास दुप्पट केली, हमीचा दरही तिच्याबरोबर चढला. नंतर कामाचे दिवस घटले. मागणारे कमी झाले नव्हते, कामं उघडण्यात हात आखडला गेला. दर वाढवून घेतला आणि निधीच्या तरतुदीचं बोललोच नाही, तर असं होतं. छोट्या शेतकऱ्याचंही ऐकायला हवं; सोयाबीनला भाव नसताना त्याला रोज वाढवा म्हणणं सोपं नाही, आणि आमचे निम्मे सभासद स्वतःही दोन-दोन एकरवाले आहेत.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या, म्हणजे केंद्राच्या रोजगार हमी कायद्याच्या, जागी नवा कायदा केला. दिवस १२५ झाले, पण शेतीच्या ऐन हंगामात ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवायची मुभा आहे. म्हणजे मजुराला नाही म्हणायची ताकद जेव्हा लागते, नेमकी तेव्हाच ती काढून घेतली. खर्चाचा ४० टक्के भारही आता राज्यावर.

थेट पैशांचं थोडक्यात सांगतो. विधवा, आजारी, बाळंतीण यांना तोच आधार, त्याला माझा विरोध नाही. घरात चार पैसे असले की उचल घ्यायची वेळ कमी येते, हेही खरं. पण मुकादमासमोर उभं राहून दर ठरवताना हप्ता फारसा कामाला येत नाही. ऊसतोड कामगारांना जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के दरवाढ मिळाली ती कोयता बंद ठेवायच्या इशाऱ्यावर, लवादातून.

म्हणून कोरडवाहू तालुक्यासाठी माझं मत दुसऱ्या गटाला. पहिली ओळ अशी लिहावी : हंगामातली ६० दिवसांची बंदी आमच्या तालुक्यात लावू नका, आणि हमीचा दर राज्याच्या किमान वेतनाखाली नको. त्याच ओळीत निधीची तरतूदही मागा. निवेदन देऊन फोटो काढून परत येऊ नका. त्याच दिवशी ग्रामपंचायतीत प्रत्येकीचा कामाच्या मागणीचा अर्ज भरा आणि तारीख घातलेली पोच घ्या. पोच नसेल तर, मागूनही काम न मिळाल्यास जो बेकारी भत्ता मिळायला हवा, त्याचा दावा उभाच राहत नाही.