घोडबंदर की नेरुळ? आधी नळाचं विचारा

भाच्याचं लग्न ठरलंय, घर घ्यायचंय. हाताशी पैसे तेवढेच आणि पर्याय दोन: ठाण्यात घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या नव्या टॉवरमध्ये दोन बेडरूम, नाहीतर नवी मुंबईत नेरुळला, ते शहर वसवणाऱ्या सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये एक. तो कार्पेट एरिया मोजतोय. मी म्हटलं, नळाला पाणी कुठून येतं ते आधी बघ.

ठाणे शहर २००१ च्या जनगणनेत साडेबारा लाखांचं होतं, २०११ मध्ये १८ लाख ४१ हजारांचं. पुढचे आकडे यायचेत, पण घोडबंदरचे टॉवर मोजायला जनगणना कशाला लागते? एवढ्या माणसांसाठी महापालिकेचं स्वतःचं धरण नाही. भातसा धरणाच्या पाण्यावरची महापालिकेची योजना, शिवाय स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका, अशी चार दारं. शाई आणि काळू या प्रस्तावित धरणांचं नुसतं नाव ऐकत आलोय. २०१७ मध्ये तर पाण्यावरूनच उच्च न्यायालयाने या पट्ट्यातल्या नव्या बांधकामांना काही काळ चाप लावला होता.

मी तिथे चार वर्षं भाड्याने राहिलोय. मे महिन्यात पहाटे पाचला टँकर रिव्हर्स घेताना जाग यायची. खाली सेक्रेटरी टॉर्च घेऊन टाकीत बांबू बुडवून बघत असायचे, किती भरली. मेंटेनन्सच्या बिलात टँकरचा वेगळा रकाना होता, आणि एका महिन्यात तो वॉचमनच्या पगारापेक्षा मोठा निघाला. भाचा म्हणतो, "मामा, बिल्डर चोवीस तास पाणी म्हणालाय." खोटं नाही, टँकर रात्रीही येतो.

नेरुळकडे बघा. नवी मुंबई महापालिका त्याच दहा वर्षांत सात लाखांवरून ११ लाख २० हजारांवर गेली, म्हणजे वाढीचा वेग ठाण्याहून जास्त. तरी तिथे टँकरची सवय लागली नाही, कारण महापालिकेने २००२ मध्येच खालापूरजवळचं मोरबे धरण विकत घेतलं होतं. पाणी आधी आलं, माणसं मागून.

पण पत्ता नीट वाचा. जाहिरातीत खारघर, उलवेही 'नवी मुंबई'च असतं. खारघर पनवेल महापालिकेत येतं आणि या दोन्हीकडे मुख्य भिस्त मोरब्यावर नाही, हेटवणे धरणावर. नेरुळलाही आता चार मजली बिल्डिंगा पाडून टॉवर चाललेत. पाइप आणि गटारं त्याच मापाने वाढतील का, हे कोणी तरी विचारायला हवं.

प्रवासाचं थोडक्यात: नेरुळला स्टेशन पायी गाठता येतं, घोडबंदरला रेल्वे नाही, सगळा भार एका रस्त्यावर. हिरवाईत मात्र घोडबंदर पुढे, पाठीशी येऊरचं जंगल. नेरुळला तळ्यावर फ्लेमिंगो, तेही हंगामापुरते.

माझं मत नेरुळ. ताईला मात्र पाहुण्यांसाठी जादा खोली हवीच आहे. शेवटी एवढंच ठरलं, की कासारवडवलीच्या शेजारच्या सोसायटीकडून गेल्या मेचं मेंटेनन्स बिल मागून आणायचं.