परीक्षणासाठी कादंबरी वाचताना ई-रीडर

समकालीन वास्तववादी कादंबऱ्यांची परीक्षणे लिहिण्यासाठी गेले वर्षभर मी ई-इंक पडद्याचा (कागदावरच्या शाईसारखी अक्षरे दाखवणारा) ई-रीडर, म्हणजे डिजिटल पुस्तके वाचण्याचे उपकरण, वापरत आहे. अशा कादंबरीत घटनांपेक्षा बारीकसारीक तपशिलांना आणि संवादांच्या बदलत्या सुराला अधिक वजन असते. त्यामुळे एखादे पात्र पहिल्या प्रकरणात आईला कोणत्या शब्दांत उत्तर देते आणि शेवटच्या प्रकरणात कोणत्या, हे नावाचा शोध घेऊन काही क्षणांत ताडून पाहता येणे, ही मला या उपकरणाची सर्वांत मोलाची सोय वाटते. अधोरेखित वाक्ये टिपणांसह एकत्र मिळतात, म्हणून अवतरण चुकण्याचा धोकाही कमी होतो. इंचाला ३०० पिक्सेल असलेला पडदा छापील पानासारखा स्थिर दिसतो. मात्र पाने पुढेमागे चाळणे फार संथ आहे. कागदी प्रतीत बोट अडकवून दोन प्रसंग लागोपाठ वाचण्याची, किंवा उरलेल्या पानांच्या जाडीवरून शेवट किती जवळ आला हे हातालाच जाणवण्याची सोय येथे नाही, आणि कादंबरीची लय जोखताना ही उणीव मला खरोखर भासते. म्हणून दुसरे वाचन मी अजूनही छापील प्रतीतूनच करतो.