बाल्सामिक: चप्पल लाईनच्या दुकानदारासमोर ठेवायचं कच्चं चित्र

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या दुकानदाराला ऑनलाइन विक्रीचा पहिलाच स्क्रीन रंगासकट दाखवला, की चर्चा हमखास "तांबडा जरा गडद करा की" इथं अडकते. कापशी चप्पल करकर वाजणारी हवी की बिनआवाजाची, हे गिऱ्हाईक कुठं निवडणार, हा मुद्दा राहूनच जातो. बाल्सामिक कामाला येतं ते इथं. जाकोमो गुइलिझोनी यांनी २००८ साली बाजारात आणलेलं हे सॉफ्टवेअर बटणं, रकाने, याद्या सगळं हातानं खरडल्यासारखं काढतं. मोडायला सोपं दिसतं, त्यामुळं समोरचा माणूसही मोकळेपणानं चुका काढतो.

झटपट काम होतं ते क्विक ॲड या घटक शोधायच्या चौकटीमुळं. '/' दाबायचं, घटकाचं इंग्रजी नाव लिहायला लागायचं आणि एंटर मारायचं. कीबोर्ड तेवढा इंग्रजीवर ठेवा. इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू असेल तर त्याच कळेवर 'य' उमटतो. घटक आला की भाषा बदलून मराठी मजकूर भरायचा. मोबाईलसाठी आधी ३६० पिक्सेल रुंदीची चौकट आखून घ्या, नाहीतर मोकळ्या पाटीवर रकाने आडवे पसरत जातात आणि फोनवर ते मावणार नाहीत हे उशिरा कळतं.

तक्त्याचा घटक विशेष चांगला. एक ओळ म्हणजे एक आडवी रांग आणि स्वल्पविराम म्हणजे नवा स्तंभ: 'प्रकार, नंबर, रंग, दर'. गंमत अशी की दर '१,२००' लिहिला की त्याचे दोन स्तंभ होतात आणि पुढचं सगळं एक घर सरकतं. सरळ '१२००' लिहा, किंवा स्वल्पविरामाआधी उलटी तिरकी रेघ द्या. टॅबची नावंही स्वल्पविरामानंच तुटतात, तेव्हा तिथंही हेच.

मराठीत काम करणाऱ्यांची खरी अडचण फॉन्टची. बाल्सामिक सान्स या त्याच्या हस्ताक्षरासारख्या फॉन्टमध्ये लॅटिन आणि सिरिलिक अक्षरं आहेत, देवनागरी नाही. मराठी मजकूर संगणकातल्या दुसऱ्या फॉन्टमध्ये उमटतो. इंग्रजी हस्ताक्षरासारखं आणि मराठी छापील, असा बेंगरूळ प्रकार एकाच बटणावर होतो. त्यावर उपाय म्हणजे स्केच रूप सोडून साध्या रेषांचं वायरफ्रेम रूप निवडायचं. विजोडपणा बराच झाकला जातो. बटणाची उंचीही थोडी वाढवा, वेलांटी-उकाराला जागा लागते. आणि मजकूर खराच भरा. 'बाय' (Buy) जिथं सहज बसतं तिथं 'खरेदीसाठी पुढे जा' दोन ओळींत जातं, हे कळण्यासाठीच तर हा खटाटोप.

वरची पट्टी आणि खालचा मेनू यांचं सिम्बॉल, म्हणजे सगळीकडं वापरायचा एकच मूळ तुकडा, करून ठेवा. एकीकडं बदल केला की सगळ्या स्क्रीनवर होतो. हे न करता वीस स्क्रीनवर कॉपी-पेस्ट केलं, तर 'माझी ऑर्डर'चं 'माझी मागणी' करताना दोन-तीन जागा हमखास सुटतात.

बटणांना लिंक देऊन पीडीएफ काढली तर तिच्यातही त्या चालतात. व्हॉट्सॲपवर पाठवायला उत्तम. स्वतःसाठी लिहिलेल्या चिकटचिठ्ठ्या आणि बाण त्याआधी मार्कअप बंद करून लपवा. मात्र अशा नमुन्यात गिऱ्हाइकाला नंबर टाईप करता येत नाही. चुकीचा पिनकोड टाकल्यावर काय दिसेल, हे दाखवायचं तर तो वेगळा स्क्रीन काढून जोडावा लागतो.

पैसे डॉलरमध्ये मोजावे लागतात, त्यामुळं वर्षाला एखादंच काम करणाऱ्याला कागद-पेन्सिलच बरी. महिन्याला दोन-तीन नवी कामं येत असतील तर घ्यायला हरकत नाही. दुकानदारानं क्रम पक्का केला आणि गोष्ट रंग, फोटो, हालचालींवर आली, की मात्र यातून बाहेर पडा. फिग्मा या रंगीत डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ते स्क्रीन नव्यानंच काढावे लागतील, तेवढा वेळ आधीच धरून ठेवा.