फोटोरेक आणि टेस्टडिस्क: फोटो परत आले, पण नावांचं काय?

डिलीट झालेल्या फायली परत मिळवून देणारं फोटोरेक हे सॉफ्टवेअर गेल्या पावसाळ्यापासून वापरतोय. पूर्ण फुकट आहे. जाहिराती नाहीत, आणि सगळं स्कॅन झाल्यावर शेवटी "फायली हव्या असतील तर आता पैसे भरा" असं म्हणत नाही. क्रिस्तोफ ग्रेनिये या माणसाने हे लिहून जगाला मोफत दिलं, त्याबद्दल त्याचे मनापासून आभार. तरीही एका गोष्टीवरून मी या सॉफ्टवेअरवर बरेच दिवस चिडलेलो होतो. ती गोष्ट म्हणजे फायलींची नावं.

माझा फोटो स्टुडिओ आहे. पीसीत सी ड्राइव्ह एसएसडी (चिपवर साठवणारी नवीन प्रकारची डिस्क) आणि डी ड्राइव्ह जुनी एक टीबीची हार्ड डिस्क. मशीन स्लो झालं म्हणून सर्व्हिसवाल्याला बोलावलं, तर डी ड्राइव्ह भरत आल्याने लाल दिसतोय म्हणून त्याने कुणालाही न विचारता एका लग्नाच्या अल्बमचा फोल्डर आणि बाहेरच्या काही सुट्या फायली उडवल्या, आणि वर रिसायकल बिनही रिकामं केलं. मूळ रॉ फोटो (कॅमेऱ्यातून आले तसे, करेक्शन न केलेले) बॅकअप डिस्कवर होते. पण करेक्शन केलेल्या, मुलीकडच्यांनी बसून निवडलेल्या आणि त्याच क्रमाने नावं दिलेल्या जेपीजी नुकत्याच तयार झाल्या होत्या. फोन केला तर उत्तर मिळालं, "सर, बिन रिकामं झालं म्हणजे विषय संपला. आता काही होत नसतं."

हे साफ चुकीचं आहे. रोज लोकांचे पीसी उघडणाऱ्या माणसाने असं ठोकून द्यावं याचा राग अजून गेलेला नाही. रिसायकल बिन विंडोजमध्ये १९९५ पासून आहे. साध्या हार्ड डिस्कवर ते रिकामं केलं तरी फाइल पुसली जात नाही. एनटीएफएसच्या, म्हणजे विंडोज डिस्कवर फायली मांडते त्या पद्धतीच्या, मुख्य तक्त्यात त्या फाइलच्या नोंदीवर फक्त 'वापरात नाही' अशी खूण होते आणि तिची जागा मोकळी धरली जाते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फोटो तिथेच असतो. म्हणून पीसी लगेच बंद केला आणि डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली. शहरातल्या एका रिकव्हरीवाल्याने नुसतं बघायचे तीन हजार सांगितले, काही निघालं नाही तरी ते परत मिळणार नव्हते. ते मला परवडणारं नव्हतं आणि पटणारंही नव्हतं. भाच्याची एक्स्टर्नल डिस्क मागून आणली आणि फोटोरेक लावलं.

काळ्या पडद्यावरची अक्षरं बघून घाबरू नका, बाणाच्या बटणांनी सगळं होतं. फक्त दोन गोष्टी आधी करा. फाइलच्या प्रकारांच्या यादीत शिरून सगळ्या खुणा काढा आणि हवा तेवढाच प्रकार ठेवा. ४८० पेक्षा जास्त प्रकार ते ओळखतं, सगळे चालू ठेवलेत तर कचऱ्याचा डोंगर होईल. आणि पूर्ण पार्टिशनऐवजी फक्त मोकळी जागा शोधायला सांगा. मूळ डिस्कवर ते काहीच लिहीत नाही, ही मोठी जमेची बाजू.

रात्रभर चालून सकाळी फोटो आले. रंग, रिझोल्यूशन, सगळं जसंच्या तसं. आणि नावं? 'एफ' आणि पुढे आकडे. हा आकडा म्हणजे फाइल डिस्कवर ज्या सेक्टरपासून, म्हणजे छोट्या कप्प्यापासून, सुरू झाली त्याचा. पाचशे-पाचशे फोटोंचा एकेक फोल्डर. फाइल उचलताना फोटोरेक फाइलसिस्टीमकडे, म्हणजे तक्त्यातल्या नोंदींकडे, बघत नाही. जेपीजी एफएफ, डी८, एफएफ या बाइट्सनी सुरू होते, तशी सुरुवात दिसली की ते तिथून फाइल उचलतं. नाव त्या फाइलच्या आत नसतं, तक्त्यात असतं, त्यामुळे ते येत नाही. कारण समजलं तरी काम सुटत नाही. माझ्या फायलींची नावं '०३७ हळद आत्या', '०३८ हळद करवल्या' अशी होती. ती नावं म्हणजेच अल्बमची मांडणी होती, मुलीच्या आईने समोर बसून लावून दिलेली. ती गेल्यावर हातात राहिला नुसता फोटोंचा ढीग, त्यातही कधीकाळी उडवलेल्या दुसऱ्याच लग्नांचे फोटो मिसळलेले.

एक्झिफटूल या फोटोच्या आतली माहिती वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने फोटो काढल्याच्या तारीख-वेळेप्रमाणे नावं देऊन पाहिली. हेही फुकट आहे आणि चांगलं आहे, एकाच कॅमेऱ्याचं काम असेल तर पुरतं. आमच्याकडे दोन कॅमेरे होते आणि दोघांच्या घड्याळांत काही मिनिटांचा फरक. अंतरपाट धरलेला आणि हार घातलेले फोटो एकमेकांत घुसले. तेव्हा या रिव्ह्यूत मी दोनच स्टार दिले असते.

मत बदललं ते टेस्टडिस्कमुळे. हेही ग्रेनियेचंच, फोटोरेकच्याच झिपमध्ये येणारं, आणि बहुतेक लोक ते उघडूनही बघत नाहीत. ॲडव्हान्स्ड, मग अनडिलीट. डिलीट झालेल्या फायलींची यादी दिसते. 'ए' दाबून सगळ्या निवडायच्या, मोठ्या 'सी'ने दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायच्या. हे तक्ता वाचतं, त्यामुळे नावं येतात. आणि इथे बिनची एक गंमतीची रचना कळली, जी माझ्या मते प्रत्येक सर्व्हिसवाल्याला पाठ असायला हवी. फाइल बिनमध्ये गेली की तिचं नाव बदलतं: डॉलर, 'आर' आणि पुढे सहा अक्षरं. मूळ नाव, जागा, आकार आणि डिलीट केल्याची वेळ डॉलर-'आय'ने सुरू होणाऱ्या दुसऱ्या छोट्याशा फाइलमध्ये जाते, जिच्यातली पुढची अक्षरं तीच असतात. पण अख्खा फोल्डर डिलीट केला तर फक्त फोल्डरचं नाव बदलतं, आतल्या फायलींची नावं तशीच राहतात!

माझा लग्नाचा फोल्डर सहा विचित्र अक्षरांच्या नावाखाली सापडला आणि आत '०३७ हळद आत्या' जागच्या जागी. ती ओळ पडद्यावर दिसली तेव्हा माझ्याकडच्या पोराला मी हाक मारून बोलावलं. सुट्या फायलींसाठी 'आय'च्या फायली नोटपॅडमध्ये उघडल्या. थोडी खिचडी अक्षरं दिसतात, पण त्यांत पूर्ण पत्ता आणि नाव वाचता येतं. जोड्या लावून एकेक नाव हाताने परत दिलं. वेळ गेला, पण पैसे वाचले. काही फोटो खालून अर्धे करड्या पट्ट्यांचे निघाले, त्यांच्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं होतं. ते रॉवरून परत केले.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी टेस्टडिस्क, नोंदी सापडल्या नाहीत तरच फोटोरेक. कॅमेऱ्याच्या कार्डाला मात्र थेट फोटोरेक लावा. तिथे फोटो बहुधा सलग लिहिलेले असतात आणि कॅमेऱ्याने दिलेल्या नावांचं कुणालाच काही नसतं. दिवाळीनंतर एका मित्राचं फॉरमॅट झालेलं कार्ड असंच जवळजवळ पूर्ण मिळालं. त्या कामाला पाच स्टार.

एसएसडीला शून्य. सी ड्राइव्हवरच्या बिनमधून गेलेलं एक कोटेशन शोधलं, नाव मिळालं, आत मात्र निव्वळ शून्यं. विंडोज ७ पासून ट्रिमची सोय आहे. फाइल उडवली की विंडोज एसएसडीला कळवते, आणि ती जागा त्यानंतर रिकामीच वाचली जाते. यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. तिथे बिन हाच शेवटचा दरवाजा, म्हणून सेटिंग्जमध्ये स्टोरेज सेन्स बघून घ्या. ते चालू असेल तर ३० दिवसांपेक्षा जुनं बिनमधलं आपोआप साफ होऊ शकतं. मी ते 'कधीच नाही'वर ठेवलंय.

सर्व्हिसवाल्याने व्हिजिटचे पैसे परत दिले नाहीत. आता जो कुणी मशीनला हात लावायला येतो, त्याला आधीच सांगतो: काही डिलीट करायचं नाही, आणि बिनला तर हातही लावायचा नाही.